काठीखालची दहावी

झुंबरबाई खोटं बोलली, असं मखमलाबादेत कोणी सांगितलं असतं तर ऐकणारा हसला असता. बाई फटकळ, बाई हट्टी, तिच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नाही, हे सगळं खरं. पण खोटं? छे! शेळीचं दूध विकायची तेव्हा गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकायची, "आज नेऊ नका, बोकड फिरलाय दारात, दुधाला वास मारतोय." आता असा कुठं धंदा होतो का? पण तिचा व्हायचा. गिऱ्हाईक मोजकंच होतं, पण एकदा आलेलं सुटत नव्हतं.

पाटाच्या कडेला तिच्या दोन खोल्या, पुढं कुडाचा गोठा आणि गोठ्याला एकच माणूस जाईल एवढं फाटक. आजूबाजूला द्राक्षाच्या बागा, आणि बागांच्या मागून शहराच्या नव्या बिल्डिंगा डोकं वर काढून बघायला लागलेल्या. नवरा पुंजा चार वर्षांमागं गेला. मुलगा ललित चाकणला कंपनीत. तो दर रविवारी फोन करायचा, "आई, त्या शेळ्या विक आणि इकडं ये," म्हणायचा. एकदा ती गेली होती. आठव्या मजल्यावरच्या त्या घरात सून चांगली, नातू चांगला, सगळं चांगलं. पण दिवसभर दार लावलेलं. महिना कसाबसा काढला आणि परत आली. शेजाऱ्यांना म्हणाली, "तिथं चिमणीसुद्धा विचारून येती."

परत आली खरी, पण इथं तरी कोण होतं? दूध घालून झालं की दिवस संपेस्तोवर तिच्याशी बोलायला कोणी नसायचं. देवळात जायची, म्हणजे चर्चमध्ये; तिच्या पिढीची माणसं देऊळच म्हणतात. बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसायची. अंगाला शेळ्यांचा वास येतो हे तिला ठाऊक होतं. कोणी तसं तोंडावर बोललं नव्हतं, पण तिच्या बाकावर जागा असताना बायका पुढं दाटीवाटीनं बसायच्या. हे कळायला काय शाळा शिकावी लागते?

आता तिच्या दशांशाचं, म्हणजे देवाला द्यायच्या दहाव्या वाट्याचं सांगतो, कारण सगळं रामायण त्यातूनच झालं.

चर्चच्या मंडळीतले बाकीचे लोक दशांश द्यायचे पैशानं. पाकिटातून द्यायचे, आणि अलीकडं तर दानपेटीवर तो काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला, त्याला फोन दाखवला की देवाचा वाटा देवाला पोचला. झुंबरबाईला ते पटायचं नाही. "शेळी काय फोनातून जाती का?" म्हणायची. तिचा दशांश जनावराचा. ही रीत तिच्या सासूची, बायडाबाईची. सासू कळवणकडची, शेळ्यांतच जन्म गेलेली आणि शास्त्राची पक्की. वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं दगडावरच्या रेघेसारखं. तिनं नव्या सुनेला पहिल्याच वर्षी गोठ्याच्या फाटकाशी उभं केलं होतं, हातात बोरीची काठी दिली होती आणि सांगितलं होतं:

"डोळे मीट. वरसाची करडं एकेक करून बाहीर सोडायची. काठी आडवी धर, पाठीला लागंल तशी मोज. धाव्वं जे काठीखालून जाईल ते देवाचं. ते चांगलं हाय का वंगाळ, बघायचं नाय. बदलायचं नाय. बदललंस तर दोन्ही देवाची झाली. आन पैकं भरून सोडवून बी घ्यायचं नाय. ध्येनात ऱ्हाईल?"

राहिलं. गेली पस्तीस-चाळीस वर्षं झुंबरबाई देवळातल्या हंगामाच्या सणाआधी डोळे मिटून फाटकात उभी राहत आली. ज्या वर्षी दहा भरत नसत त्या वर्षीचा आकडा पुढच्या वर्षात धरायची. एकदा दहावा आला तो असा देखणा बोकड, की पुंजाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बकरी ईदला त्याचे किती आले असते! तरी दिला. "दिला म्हणजे दिला," ती म्हणाली होती, आणि पुंजा दोन दिवस जेवताना तिच्याशी बोलला नव्हता.

यंदा बरोबर दहा करडं होती. आणि त्यांत एक ठुमकी होती.

ठुमकीची आई फवारलेल्या बागेतला पाला खाऊन मेली. पिल्लू तेव्हा दोन दिवसांचं, मागचा एक पाय जन्मापासून आत वळलेला. बघणारे म्हणाले, जगत नाही. झुंबरबाईनं बाटलीनं दूध पाजलं, पायाला तेल चोळलं, थंडी होती म्हणून घरात घेतलं. थंडी गेली, पण ठुमकी काही बाहेर गेली नाही. बाईच्या खाटेखाली एक गोणपाट होतं, ती तिची जागा. रात्री दचकून ओरडायची. मग बाई खाटेवरून हात खाली सोडायची आणि बोलत बसायची. काय बोलणार? दिवसभरात घडलेलं असतं काय? मग भाजीचे भाव सांगायची. "मेथी आज दहाला जुडी होती गं. कोथिंबीर काय, कोणी इचारीना. लासलगावला कांदा पडला म्हणत्यात." ठुमकी कान हलवायची आणि झोपायची. पुंजा गेल्यावर तिचं बोलणं असं पुरतं ऐकून घेणारं कोणी भेटलं असेल तर ते हे एवढंसं जनावर. ते दूध देईल न देईल, ते लंगडं होतं. पण ते तिचं होतं.

तर मोजणीच्या दिवशी काय होणार हे तिला आधीच दिसत होतं. लंगडी ती शेवटीच येणार! नाही म्हणायला, फाटक उघडताना ठुमकीला पुढं उभी करावी असं मनात येऊन गेलं. पण सासूनं बजावलं होतं, हात लावायचा नाही, जे जसं येईल तसं. बाईनं डोळे मिटले. काठी आडवी धरली. पाठी लागत गेल्या. नववी लागली, दणकट, ती तांबडी असणार. मग बराच वेळ काहीच नाही. मग ते ओळखीचं पाऊल, एक पाय टेकत, एक ओढत. काठीला मऊ पाठ लागली आणि थांबली. ठुमकीला वाटलं, बाईनं हात लावला. ती तिथंच अंग घासत उभी राहिली.

बाईनं डोळे उघडले. दहावी ठुमकीच होती.

पुढं जे झालं ते फार साध्यासुध्या रीतीनं झालं. पापाला काही शिंगं नसतात. दुसऱ्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब मोटारसायकलवरून सणाचं सांगत घरोघर फिरत होते. तरुण माणूस, हसतमुख. दारात थांबले, ठुमकी आडवी आली तशी तिच्या डोक्यावर थाप मारली आणि थट्टेनं म्हणाले, "बाई, हिला आणू नका बरं का सणाच्या लिलावात! देवाला आपलं उत्तम ते द्यावं." हसले आणि गेले. त्यांना मोजणीचं काय ठाऊक? पण झुंबरबाईला धरायला फांदी मिळाली. खरंच की! लंगडं जनावर देवाला कोण देतं? लोक म्हणतील, म्हातारीनं भाकड माल देवाच्या गळ्यात मारला. तिच्याऐवजी तांबडी द्यावी, ती कशी भरलेल्या अंगाची, नऊ जणींत उठून दिसणारी. देवाला तर उलट फायदाच झाला. अशी ती स्वतःची समजूत घालत राहिली, आणि जितकी घालावी तितकी ती कमी पडत गेली.

शनिवारी ती तांबडीला घेऊन देवळात गेली.

हंगामाच्या सणाची तयारी चालली होती. वेदीपाशी ऊस बांधलेले, भोपळे, टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या माळा, कोणी घरचा केक, कोणी अंडी. दुसऱ्या दिवशी भक्ती, म्हणजे रविवारची प्रार्थना, झाली की आवारात ह्या सगळ्याचा लिलाव व्हायचा आणि येईल तो पैसा मंडळीचा. तांबडी आवारात शिरली तशा बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या. भगिनी मंडळाच्या आशाबाई सगळ्यांत पुढं. आशाबाई म्हणजे मोठं प्रस्थ: शाळेतून निवृत्त, इस्त्रीची साडी, बोलणं स्वच्छ.

"झुंबरबाई! ही तुमची?"

"हां. दशांशाची हाय."

"अहो, इथं लोक देवाला भोपळा देतात आणि वर फोटो काढतात. शिकावं तुमच्याकडून!" आशाबाईंनी स्वतःच्या हातानं झेंडूची माळ तांबडीच्या गळ्यात घातली. मग झुंबरबाईचा हात धरून तिला बायकांच्या मध्ये बसवलं. कोणी चहा दिला. कोणी फुलांची परडी पुढं केली, "ओवता का?" म्हणून. ती ओवायला बसली. डावीकडं एक गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता, उजवीकडं एक, आणि कोणी सरकून बसत नव्हतं. बायका सुनांचं बोलत होत्या, हसत होत्या, मध्येच एकीनं विचारलं, "तुमचा ललित काय म्हणतो?" चार वर्षांत देवळात कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

निघताना आशाबाई म्हणाल्या, "नाताळला एकट्या बसू नका. आमच्याकडं जेवायचं. नाही म्हणायचं नाही."

झुंबरबाई पाटाच्या कडेनं घरी निघाली तेव्हा तिला पायाखालची वाट दिसत नव्हती एवढी ती सुखावली होती. हे सुख टिकलं कुठपर्यंत? घराच्या फाटकापर्यंत. फाटकात बोरीची काठी टेकून ठेवलेली होती. मोजणीपासून ती तिथंच होती, बाईनं उचलली नव्हती. ठुमकी ओरडत लंगडत आली आणि तिच्या लुगड्यात तोंड खुपसलं.

"सर तिकडं," बाई खेकसली. आजवर तिच्यावर कधी खेकसली नव्हती.

भाकरी केली, पण खाल्ली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. मंडळी बसायला जागा देत होती ती कोणाला? खोट्या झुंबरीला. खरीला कोणी ओळखत नव्हतं. नाताळाचं जेवण कोणाला? खोटीला. आणि तिकडं सासू वर बसून बघत असेल, ती का सोडते! "बदललंस तर दोन्ही देवाची झाली." कालपासून बाई अर्धाच नियम आठवत होती, बदलायचं नाही एवढाच. बदलल्यावर काय, ते तिनं सोयीनं विसरायचं ठरवलं होतं. आता ते आठवलं. म्हणजे तांबडी देऊन ठुमकी वाचली नव्हतीच. तांबडीही गेली आणि ठुमकीही देवाचीच, ती नुसती चोरून ठेवलेली.

मग ती भांडली. देवाशीच भांडली, अगदी मोठ्यानं. ऐकायला होतं कोण? "तुला काय कमी हाय रं? आख्ख्या डोंगरावरची जनावरं तुजी. माजी एक लंगडी दिसली तुला? नवरा नेलास, मी काय बोलले? पोरगं लांब नेलंस, काय बोलले? ही बी पायजे?" ती रडली. ठुमकी खाटेखालून बघत होती. बाईनं सवयीनं हात खाली सोडला, पण भाजीचे भाव काही तोंडातून निघेनात.

सकाळी तिनं ठुमकीच्या गळ्यात दोरी बांधली. गोणपाटाची घडी करून काखेत मारली आणि निघाली.

लंगड्या जनावराला घेऊन देऊळ गाठायचं म्हणजे वेळ लागणारच. दर दोन शेतांमागं ठुमकी बसायची. थोडं अंतर बाईनं उचलून नेलं, पण आता ते काही पिल्लू राहिलेलं नव्हतं. आवारात पोचली तेव्हा भक्ती संपून लिलाव रंगात आलेला. लिलाव पुकारायला नवनाथ. तो लासलगावच्या बाजारात कांद्याची बोली पुकारतो, त्यामुळं देवळातही त्याचा आवाज ट्रॅक्टरच्या रांगेपुढं उभं असल्यासारखाच निघायचा. बाकावर चढून तो तांबडीची बोली लावत होता, आणि दिंडोरी रोडला ढाबा चालवणारा महेश बोटं वर करत होता.

"आली, मालकीण आली!" नवनाथ ओरडला. "अन् हे काय, एकीवर एक फ्री का?"

लोक हसले. हसणं वाईट नव्हतं, सणाचंच होतं. कोणीतरी मागून म्हणालं, "ही तर मोडीतली दिसती." आशाबाई लगबगीनं पुढं आल्या, "या, या, तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय." खरोखरच पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती.

झुंबरबाईनं त्या खुर्चीकडं बघितलं. आता गप्प बसलं तर कोणाचं काय बिघडत होतं? ठुमकीला इथंच बांधावी, दुसरं दान म्हणून. शाबासकी दुप्पट. कोणाला कळणार?

"नवनाथ, थांब," ती म्हणाली. "मला बोलायचंय."

तिनं सांगितलं. काठीचं सांगितलं, डोळे मिटल्याचं, दहावी कोणती आली ते. "म्या बदलली. लंगडी माजी लाडकी, म्हनून ठेवून घेतली आन तांबडी आनली. काल तुमी मला चांगलं म्हनलात, च्या दिलात, ते सगळं म्या फुकाट खाल्लं. बदलली की दोन्ही देवाची, आसं आमच्या सासूबाई सांगायच्या. म्हनून ही आनलीय. देवाला लंगडं देती म्हनून नावं ठेवायची तर ठेवा. पर देवानं हीच मागितली व्हती."

चारचौघांत कोणी असं बोललं की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आशाबाईंचा चेहरा उतरला. काल माळ त्यांनीच घातली होती. एकीनं पदर तोंडाला लावून दुसरीच्या कानात काही सांगितलं. खुर्ची रिकामीच होती, पण आता 'बसा' कोणी म्हणत नव्हतं.

पाळकसाहेब जवळ आले. भला माणूस. त्यांना आपली शुक्रवारची थट्टा आठवली असावी, कारण कानापर्यंत लाल झाले होते. हळू आवाजात म्हणाले, "बाई, तो नियम फार जुन्या काळचा. आता आपण नियमाखाली नाही, देवाच्या कृपेत आहोत. तुम्ही एक दिलीत, पुष्कळ झालं. घेऊन जा हिला घरी. मी सांगतो ना."

घेऊन जा! झुंबरबाईच्या हातातली दोरी ढिली पडली. पाळकच म्हणतायत, यापरतं काय हवं? एक क्षण तिला घराची वाट दिसली, ठुमकी पुढं आणि ती मागं. मग तिनं मान हलवली.

"तुमचं खरं आसंल, सायेब. तुमी शिकलेले. पर काठी माज्या हातात व्हती. नियम सुटला आसंल, माजा शबुद नाय सुटला."

पाळकसाहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग नवनाथकडं, आणि बाजूला झाले.

तांबडी महेशलाच गेली, चांगल्या भावानं. मग नवनाथनं ठुमकीची दोरी हातात घेतली. त्याचा आवाज एकदम उतरला होता. "बोला... हिचं बोला काहीतरी." कोणी बोलेना. ठुमकी घाबरून बाईकडं ओढ घेत होती.

"टाक दोनशे," महेश म्हणाला. "तांबडीबरोबर जाईल ढाब्यावर."

ढाब्यावर जाईल म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं.

"दोनशे एक वार," नवनाथ म्हणाला. मग बाईकडं वाकून, "मावशी, तुम्हीच बोला ना अडीचशे. घेऊन टाका. पैसे देवालाच जातील, कोण काय म्हणतंय?"

बाईच्या कमरेला पिशवी होती, आणि पिशवीत दुधाचे पैसे होते, अडीचशेहून कितीतरी जास्त. तिचा हात पिशवीवर गेला. बोटांना नोटा लागल्या. सोडवून घ्यायचं नाही, सासू म्हणाली होती. शेतातल्या पिकाचा दशांश पैसे भरून सोडवता येतो, काठीखालचा नाही. हात तिथंच राहिला. तिनं ओठ आवळून धरले होते, कारण तोंड उघडलं असतं तर आकडाच बाहेर पडला असता.

"दोनशे... दोन वार..."

"पाचशे!"

सगळ्यांनी वळून बघितलं. आशाबाई होत्या.

महेश हसला, "मॅडम, तुम्ही काय करणार हिचं?"

"तुला काय करायचंय?" आशाबाई फाडकन बोलल्या. त्यांना असं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. "अंगण आहे माझं मोठं. पोरी दोघी बंगलोरला, हे दिवसभर टीव्हीपुढं. घरात आवाज म्हणून नाही कोणाचा. मला पाहिजे ती. बोल तू पुढं, बोलायचं असेल तर."

महेश कशाला बोलतोय? नवनाथनं घाईघाईनं तिसरा वार म्हटला.

आता कोणालाही वाटेल, झुंबरबाईला हायसं वाटलं असेल. वाटलं, नाही कसं? सुरी टळली. पण खरं सांगायचं तर त्याच्या पाठोपाठ तिचा जीव जळाला. ठुमकीची दोरी आशाबाईंच्या हातात, बांगड्यांच्या स्वच्छ हातात बघून तिला ती बाई डोळ्यासमोर नकोशी झाली. ढाब्यावर गेली असती तर रडून मोकळी झाले असते, असंही एक दुष्ट मनात येऊन गेलं. तसलं कोणाच्या मनात येत नाही?

तरी ती पुढं झाली. काखेतलं गोणपाट काढून तिनं आशाबाईंपुढं धरलं.

"ह्येच्यावर झोपती. धुवू नका, वास गेला की वळखायची नाय."

"बरं."

"दचकून वरडली तर हात लावायचा आन बोलायचं."

"काय बोलायचं?"

झुंबरबाईला लाज वाटली. "काय बी. म्या भाजीचे भाव सांगायची."

आशाबाईंनी मान डोलावली. नाताळचं त्यांनी काढलं नाही, हिनं विचारलं नाही. ठुमकीनं एकदा ओढ घेतली, एकदा ओरडली. बाई वळली आणि मागं न बघता आवाराबाहेर पडली. मागं बघितलं असतं तर पाय उचलला नसता.

घरी येऊन तिनं शेळ्या चरायला सोडल्या. दिवेलागणीला आत घेतल्या. नवीन वर्षाची मोजणी एकपासून सुरू व्हायची होती; मागची काही बाकी नव्हती. काठी उचलून तिनं खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. मन साफ होतं. कोणी विचारलं असतं, तर तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, देवाचं माझ्याकडं काही नाही. पण विचारायला कोण होतं?

भाकरी झाल्यावर फोन वाजला. ललित नव्हता, आशाबाई होत्या. पाळकसाहेबांकडून नंबर घेतला, म्हणाल्या.

"वरडती का? खात नाय का? येऊ का म्या?"

"नाही हो, नाही! तेच सांगायला फोन केला. तुम्ही काळजी करत असाल म्हणून. छान आहे. पाला खाल्ला, पाणी प्याली. आता गोणपाटावर पसरलीय, झोपली पण."

"रडली नाय?"

"अजिबात नाही."

"येकदा बी?"

"एकदाही नाही हो."

"बरं झालं," झुंबरबाई म्हणाली. "लय बरं झालं." फोन ठेवला.

देताना दुखलं होतं, पण ते असं नव्हतं. दिवा घालवला, आडवी झाली. हात आपसूक खाली गेला. खाली गार फरशी होती.

"मेथी आज म्हाग व्हती," ती म्हणाली. मग थोडं थांबून कोथिंबिरीचाही भाव सांगितला.